घराणं क्रमांक २११

३ मार्च, सोमवार

वही पुन्हा काढली. चैन पडेनासं झालं की मला वही लागते; सुखात असताना दोन ओळी लिहिल्याचं आठवत नाही. मागची वही सहा वर्षांपूर्वीची, बाबा गेले त्या दिवसांतली. ती माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात असेल. त्यानंतर एकदम आज.

अठ्ठावीस तारखेला समिती बसणार आहे. कायमची जागा एक, उमेदवार तिघं. मी इथे पाच वर्षं करारावर आहे. करार संपत आला की दुसरा करार, तो संपत आला की तिसरा. आताचा जूनमध्ये संपतो. या वेळी जागा हुकली तर एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा अर्ज लिहीत बसायचं. समितीला दाखवायला काहीतरी ठसठशीत हवं आणि माझ्याकडे आहे ते निव्वळ काम. कामाकडे कोण बघतं?

काम काय, हे एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे नातेवाइकांना वाचून दाखवता येईल. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत तो प्राणी कसा घडवायचा याचा लांबच लांब मजकूर असतो. त्याला जिनोम म्हणतात. त्यातली निम्मी जागा अशा तुकड्यांनी अडवलेली असते ज्यांना प्राण्याशी काही देणंघेणं नाही. ते स्वतःच्या नकला काढतात आणि त्या नकला भलतीकडे जाऊन चिकटतात. काही तर नक्कल काढण्याचेही कष्ट घेत नाहीत, सरळ उठून दुसरीकडे जाऊन बसतात. शास्त्रात त्यांना भारदस्त नाव आहे. आम्ही आपसात उडाणटप्पू म्हणतो. कोणता उडाणटप्पू कोणत्या घराण्यातला, हे ठरवून लेबल लावणं म्हणजे माझं काम. जे कुठेच बसत नाहीत ते ‘अज्ञात’ या ढिगात जातात.

सध्या पालीचा जिनोम चालू आहे. दिवसभर पालीचा मजकूर वाचते आणि घरी ट्यूबलाइटमागून पाल निघाली की खुर्चीवर चढते. आई हसते. आई डिसेंबरपासून माझ्याकडे आहे.

५ मार्च, बुधवार

सापडलं!

घराणं क्रमांक २११. लहानसा तुकडा, चारशे अक्षरांचा, पालीत त्याच्या दोन हजारांवर प्रती. आठवडाभर ‘अज्ञात’मध्ये पडून होता. आज सहज सामायिक संग्रहात टाकून पाहिला. हा संग्रह म्हणजे जगभरच्या आमच्यासारख्यांनी लावलेल्या लेबलांचं मोठं गोदाम. तर तिथे एका नोंदीशी अठ्ठ्याण्णव टक्के जुळला. ती नोंद आहे गोचिडीची!

म्हणजे हा तुकडा गोचिडीतून पालीत आला. एका जातीतून दुसऱ्या जातीत उडी. असं क्वचित घडतं, आणि ज्याला सापडतं त्याचं नाव होतं. गोचिडींचं थोडंफार काम मीही केलंय, इथे येण्याआधीच्या ठिकाणी, सहा आठवडे. घाण काम होतं. पण त्यामुळे समितीपुढे बोलताना आत्मविश्वास राहील.

सरांना सांगितलं. आमचे सर म्हणजे इस्त्री. त्यांच्या शर्टवर सुरकुती नसते आणि निष्कर्षांवरही नसते. ते चक्क उभे राहिले. म्हणाले, “हे तुमचं तिकीट आहे.”

६ मार्च, गुरुवार

आईला सांगितल्याशिवाय राहवेना. ती भाजी निवडत होती.

“अगं, गोचिडीतून एक तुकडा पालीत आलाय. रक्त पिता पिता.”

“गोचीड रक्त देते की घेते?”

“घेते.”

“मग तिनं दिलं कसं?”

“लाळेतून, कशातूनही. होतं तसं. पूर्वी सापडलंय.”

“असेल बाई.” तिनं एक किडकं पान बाजूला काढलं. “आमच्याकडे पत्र उलट्या दिशेनं आलंय असं वाटलं की आम्ही आधी शिक्का बघायचो. कुठून निघालं ते.”

आई बत्तीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावायची. खणांची ती भलीमोठी भिंत, आणि पुढे उभी आई, हात विजेसारखे चालायचे. तिला अजून प्रत्येक गोष्टीत टपाल दिसतं. मी हसले आणि चहा टाकला.

९ मार्च, रविवार

भावंडांचा फोनवर महिन्याचा दरबार. दादा तीस तारखेला आईला न्यायला येणार. बाबा गेल्यापासून असंच चालू आहे: चार महिने दादाकडे, चार ताईकडे, चार माझ्याकडे. दादाचं म्हणणं, आता जुनं घर काढून टाकू. दोन खोल्या आणि पुढचा ओटा, सहा वर्षं कुलूप आहे, किल्ली त्याच्याकडे. कागद तो तयार करून आणतोय, आईची सही इथेच घेऊ म्हणाला.

मी म्हटलं, “आईला विचारलंस का?”

“अगं, विचारायचं काय त्यात? तिला तिथे एकटीला करमणार नाही हे ठरलेलंच आहे. ताईला विचार हवं तर.”

ताई म्हणाली, “हो गं. आईला माणसांत कुठेही करमतं. दादा पण तेच म्हणतो. तुझ्याकडे तरी कधी कुरकुर करते का?”

नाही करत. तेही खरंच. आमच्या तिघांचं जन्मात एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर ते हे.

आईला फोन दिला तर तिनं दादाला एवढंच विचारलं, “ओट्यावरचा नळ नीट बंद आहे ना रे? घर बंद राहिलं की नळ गंजतो.” कुणाचं काय तर कुणाचं काय!

११ मार्च, मंगळवार

चिडले आज. आमच्याकडे प्रबंध करणारी एक मुलगी आहे. दिवसभर खिशातून शेंगदाणे काढून खाते, म्हणून तिला खार म्हणतात. २११वर तिचं एक प्रकरण होणार आहे. आज चष्मा सावरत आली.

“मॅडम, या प्रती फार झिजलेल्या आहेत.”

“म्हणजे?”

“तुकडा पालीत नुकताच आला असेल तर सगळ्या प्रती एकसारख्या हव्यात ना? पुसट व्हायला वेळच मिळाला नसेल. पण यांच्यात खूप फरक पडलेत. वाटतं की खूप जुन्या आहेत. पालीत पहिल्यापासूनच असल्यासारख्या.”

“सगळ्या?”

“बहुतेक. मी दोनशे तपासल्या.”

मी म्हटलं, अठ्ठ्याण्णव टक्के जुळणाऱ्या गोष्टीत खुसपट काढायचं असेल तर आधी दोन हजार तपास, मग बोल. ती शेंगदाणे न खाता गेली. मला वाईट वाटलं, पण फार नाही. सतरा दिवस उरलेत आणि ही पोरगी दुधात मिठाचा खडा टाकतेय.

घरी येताना बसमध्ये बसवेना. दोन थांबे आधी उतरून चालत आले.

१४ मार्च, शुक्रवार

खारीचं तोंड बंद करायला म्हणून संग्रहात आणखी शोधलं. गोचिडीशिवाय आणखी तीन नोंदी सापडल्या! एका सापातली, एका ढेकणातली, एका माशीतली. तिन्हींवर तेच घराणं लिहिलेलं. म्हणजे चार ठिकाणी चार जणांनी तेच म्हटलंय. चार साक्षीदार. एवढ्यावर खटलासुद्धा उभा राहतो.

इस्त्रींनी समितीसाठी सारांश लिहिला. त्यात माझं नाव तीनदा आहे. मी तो घरी आणून आईला वाचून दाखवला. ती कपड्यांच्या बॅगेवर बसून ऐकत होती. बॅगेवर का, तर तिच्यासाठी कपाटाचा एक अख्खा खण रिकामा करून दिलाय तरी तिचं सामान बॅगेतच असतं. डिसेंबरपासून. सवयच तशी आहे तिची.

“छान आहे,” आई म्हणाली. “ते चौघं एकमेकांना ओळखतात का?”

“कोण चौघं?”

“साक्षीदार.”

काय बोलायचं हिच्यापुढे!

१७ मार्च, सोमवार

मनात शंकेची पाल चुकचुकतेय, असं लिहिणार होते. आमच्या खोलीत हा विनोद इतक्यांदा झालाय की आता कुणी हसत नाही. पण चुकचुकतेय खरी. सकाळपासून तीनदा खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले. खिडकीतून पलीकडच्या इमारतीची गच्ची दिसते, आणि तिथे एक माणूस टाकी घासत होता. किती शांतपणे घासत होता! मला हेवा वाटला.

उद्या समितीच्या तक्त्यात ‘मूळ नोंदीचा स्रोत’ हा रकाना भरायचाय. संग्रहात ते पहिल्या पानावर नसतं, आतल्या पानावर जावं लागतं. इतक्या वर्षांत मी कितीदा गेले असेन? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

१८ मार्च, मंगळवार

आतल्या पानावर गेले.

गोचिडीची नोंद सहा वर्षांपूर्वीची, एप्रिलची. प्रकल्पाचं नाव दोनदा वाचलं. मी इथे येण्याआधी होते तोच प्रकल्प. तेच सहा आठवडे. तिथे लेबलं लावणारी मी एकटीच होते.

ते लेबल माझं आहे.

मग बाकीचे तीन साक्षीदार उघडले. सापाचं, ढेकणाचं, माशीचं, तिन्ही लेबलं संगणकानं लावलेली. कुणी माणसानं पाहिलंच नव्हतं. मजकूर थोडाफार जुळला म्हणून माझंच लेबल उचलून तिघांना चिकटवलं होतं. स्रोत म्हणून लिहिलंय, ‘गोचिडीच्या नोंदीवरून’. म्हणजे साक्षीदार चार नव्हतेच. मीच एकदा काहीतरी बोलून गेले होते, ते चार तोंडांनी फिरून माझ्याकडे आलं, आणि मी म्हटलं, बघा, सगळं जग हेच म्हणतंय.

रकाना रिकामा ठेवला. डोकं दुखतंय सांगून घरी आले.

२० मार्च, गुरुवार

सकाळी माळ्यावर चढले. तिसऱ्या खोक्यात वही सापडली. त्या एप्रिलमध्ये मी प्रयोगशाळेचं आणि घरचं एकाच वहीत लिहायचे. दोन वह्या ठेवण्याइतकी ताकद नव्हती. बाबांना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

हे लिहिलंय, जसंच्या तसं:

“गोचिडी पालींच्या अंगावरून काढलेल्या. पोटं टम्म. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, पोटं काढून टाकायला हवी होती. आता कुठे वेळ आहे. अज्ञात दहा टक्क्यांच्या खाली आणायचेत, उद्या शेवटची तारीख. एक चारशे अक्षरांचा तुकडा कशातच बसत नाही. गोचिडीच्या एका घराण्यात अंदाजानं टाकला. नंतर बघू.”

पोटं टम्म! पालीच्या रक्तानं. गोचिडीचा म्हणून जो मजकूर मी वाचला, त्यात पालीचं रक्त होतं. तो तुकडा गोचिडीचा नव्हताच. अठ्ठ्याण्णव टक्के जुळेल नाहीतर काय. मी पालीला पालीशीच ताडून पाहत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

गोचीड देते की घेते, असं आईनं विचारलं होतं. भाजी निवडता निवडता.

त्याच पानावर खाली घरचंही काहीतरी आहे, दादाचा फोन वगैरे. ते वाचलं नाही. बस चुकली असती.

२१ मार्च, शुक्रवार

खारीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती भडकेल. तिनं खिशातून शेंगदाणे काढून माझ्यापुढे ठेवले. मग दोघींनी मिळून गोचिडीचा जुना सगळा मजकूर चाळला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यात पालीच्या डोळ्याची जनुकं सापडली, पालीच्या कातडीचीही. गोचिडीला कसले आलेत पालीचे डोळे! आता शंकेला जागा नाही.

“म्हणजे हा तुकडा कुठून आलाच नाही?” खार म्हणाली.

“नाही. पालीचाच आहे. फार पूर्वीपासूनचा.”

“मग झिजलेला असणारच.”

“तू म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. चुकलं माझं.”

ती लाजली. म्हणाली, “माझं प्रकरण आता उलटं लिहावं लागेल. पण मॅडम, तुमचं काय?”

माझं काय, ते मला ठाऊक आहे. उडी नाही म्हणजे बातमी नाही. पालीत पालीचा तुकडा सापडला, यात कोणती समिती टाळ्या वाजवेल?

२४ मार्च, सोमवार

इस्त्रींना सांगितलं. ते पेनचं टोपण काढत-घालत होते.

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“मला आणि खा... आणि तिला.”

“मग घाई कसली? समिती शुक्रवारी आहे. नंतर आपण शांतपणे दुरुस्ती पाठवू. चूक तर होतेच हो. सहा वर्षं पडून राहिली, आणखी आठवडा राहिली तर काय बिघडलं?”

सुरकुतीवर इस्त्री फिरवली त्यांनी. वाईट मनानं नाही, हे लिहायलाच हवं. त्यांना मी राहायला हवी आहे. बाहेर पडताना म्हणाले, “तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेऊ नका.”

मला ते पटतंय. हेही लिहून ठेवते. तीन दिवस गप्प बसायचं, एवढंच. कोणाचा जीव जात नाही. मग का बसवत नाही खुर्चीवर? आज पाण्याच्या यंत्रापर्यंत अकरा फेऱ्या मारल्या. पाणी एकदाही प्यायले नाही.

२६ मार्च, बुधवार

आईनं विचारलं, “तुला काय होतंय? भांडी तीनदा घासतेयस.”

सांगितलं. लेबल, अंदाज, समिती, सगळं. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाली, “मीही एकदा अंदाजानं टाकलं होतं.”

हे मला माहीत नव्हतं.

“एका पत्रावरचा पत्ता पावसानं पुसला होता. नियम काय, तर वाचता येत नसेल तर ‘पत्ता अपुरा’च्या खणात टाकायचं. पण त्या खणात त्या दिवशी फार साचली होती आणि साहेब ओरडत होते. मला वाटलं, हेच गाव असेल. टाकलं. ते सात गावं फिरलं. प्रत्येक गावानं आधीच्या गावाचा शिक्का बघून पुढे ढकललं. पाच महिन्यांनी परत आलं. नोकरीचं बोलावणं होतं कुणाचं तरी.”

“मग?”

“मग काय? साहेब म्हणाले, कोणी टाकलं होतं? कोणाला आठवत नव्हतं. मला आठवत होतं.”

“सांगितलंस?”

“सांगितलं. सगळ्यांसमोर ओरडा खाल्ला. बढती गेली त्या वर्षीची. आणि मग साहेबांनी मला तो ‘पत्ता अपुरा’चा खणच देऊन टाकला, निवृत्त होईपर्यंत. म्हणाले, हिला आता अंदाजाची भीती बसलीय, हीच बरी.” आई हसायला लागली. “न कळलेलं पत्र वाईट नसतं गं. ते थांबलेलं असतं. कळल्यासारखं करून पुढे ढकललेलं वाईट.”

मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाली, मला काय विचारतेस, तुला आठवतंय ना कोणी टाकलं होतं?

२८ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ

पाच जण, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. भिंतीवरच्या वातानुकूलन यंत्रातून बादलीत पाणी ठिबकत होतं. इस्त्रींनी माझी ओळख करून दिली. मी पडद्यावर २११चं चित्र लावलं आणि म्हटलं, “हा तुकडा गोचिडीतून पालीत आला असं तुमच्या हातातल्या सारांशात लिहिलंय. ते चूक आहे.”

मग सांगितलं. दहा मिनिटं लागली. मध्ये थांबले नाही.

बाहेरून आलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, “मूळ नोंद कोणाची?”

“माझी.”

“अशा आणखी किती असतील?”

या प्रश्नाची तयारी नव्हती केली. “त्या सहा आठवड्यांत मी अठराशे लेबलं लावली,” मी म्हटलं. “त्यातली किती अंदाजानं, ते मला माहीत नाही.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. इस्त्री खिडकीबाहेर बघत होते.

चार वाजता बोलावणं आलं. प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे, असं सुरुवातीलाच म्हणाले. तेव्हाच कळलं. जागा दुसऱ्याला गेली. जूनपर्यंत आहे मी. तेलही गेलं, तूपही गेलं. संग्रहाला दुरुस्ती पाठवली. लिहिली खारीनं, सही माझी. क्रमांक २११, गोचिडीचं लेबल रद्द. बाकीची सतराशे नव्व्याण्णव जूनपर्यंत पुन्हा तपासणार आहे, कोणी सांगितलेलं नसतानाही.

मला खूप वाईट वाटतंय. हे उगाच झाकत नाही. बसमध्ये मात्र शेवटच्या थांब्यापर्यंत बसून आले.

२९ मार्च, शनिवार

सकाळी जुनी वही खोक्यात परत ठेवायला घेतली. ठेवण्याआधी उरलेलं पान वाचलं. ‘अंदाजानं टाकला, नंतर बघू’च्या खाली, त्याच शाईत:

“दादाचा फोन. आईचं काय करायचं विचारत होता. मी कामात. सांगून टाकलं, तिला तिथे एकटीला करमणार नाही, तिला माणसांत कुठेही करमतं, आळीपाळीनं राहील. आईशी बोलायला हवं. नंतर बघू.”

माळ्याच्या शिडीवर उभी राहून मी हे चारदा वाचलं. दादा म्हणतो ठरलेलंच आहे. ताई म्हणते दादा पण तेच म्हणतो. आणि मी त्यांचं ऐकून म्हणते, आमचं एकमत आहे.

आई बॅगेत कपड्यांच्या घड्या ठेवत होती. उद्याची तयारी.

“आई, जुन्या घरी एकटीला करमणार नाही, असं तू कोणाला म्हणाली होतीस का?”

“मी? नाही. मला दादानं सांगितलं. तुम्हा भावंडांचं ठरलंय म्हणाला.”

“तू काही बोलली नाहीस?”

“तुम्ही तिघं शिकलेली. तिघं एकच सांगताय म्हटल्यावर मला वाटलं, तुम्ही विचार केला असेल. मलाच कळत नसेल.” तिनं घडी सपाट केली. “पुढे पुढे मलाही वाटायला लागलं, नसेलच करमत.”

“ते मी म्हणाले होते. मी एकटीच. तुला न विचारता. काम होतं म्हणून.”

आईनं हातातली घडी खाली ठेवली. तिला राग आला होता. मी तिला इतकी रागावलेली कधीच पाहिली नव्हती. “सहा वर्षं,” ती म्हणाली. “सहा वर्षं मी बॅग पूर्ण उघडली नाही. लक्षात तरी आलं होतं का तुझ्या?”

“आलं होतं. वाटलं, सवय आहे.”

मला रडू फुटलं. आई म्हणाली, “इकडे सरक. घडीवर पाणी पडतंय.” आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“तुला कुठे राहायचंय?” मी विचारलं.

तिनं फोन मागितला. दादाला म्हणाली, “उद्या येताना तो कागद आणू नकोस. किल्ली आण.”

दादाचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. आई, एकटी कशी राहशील, आई, वय काय तुझं. तिनं सगळं ऐकून घेतलं. “राहून बघते. नाही करमलं तर मीच कळवीन. तुम्ही आपसात ठरवू नका.”

२ एप्रिल, बुधवार

जुन्या घरी. दोन दिवस रजा काढून आईबरोबर आले. दादा सामान ठेवून गेला. जाताना नळाचा वायसर बदलून गेला. नळ खरंच गंजला होता.

कुलूप तेल घालूनही उघडेना. आईनं किल्ली हातातून घेतली, दार जरा वर उचललं आणि फिरवली. दार असंच उघडायचं, मी विसरले होते. आत सहा वर्षांची धूळ. आईनं खिडक्या उघडल्या, पदर खोचला, आणि पहिली गोष्ट काय केली तर बॅग पलंगावर पालथी केली. तळाशी घातलेला वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडला होता. रिकामी बॅग माझ्या हातात देऊन म्हणाली, “ही तू ने. तुला लागेल जूनमध्ये.” आणि हसली. मीही हसले, काय करणार!

संध्याकाळी दिवा लावला तर ट्यूबलाइटमागून एक पाल निघाली, चांगली वीतभर. मी किंचाळून खुर्चीवर चढले आणि कोपऱ्यातला झाडू ओढला.

“ठेव तो,” आई म्हणाली. “ती कुठून आलेली नाही. इथलीच आहे.”